वाटी परत करायची राहिली

माती चालत नाही, असं फॉर्मवर लिहिलंय.
बुटाच्या तळाला, सायकलच्या टायरला,
कुठेच, चिमूटभरसुद्धा.
म्हणून तीन संध्याकाळ मी मोरीत बसून
जुन्या टूथब्रशने घासते आहे
श्रीरंगचे बूट, मैथिलीचे स्पोर्ट्सशूज,
आणि माझ्या चपला, ज्या मंगळबाजारच्या पुढे
फारशा कधी गेल्याच नाहीत.
बादलीच्या तळाशी बसतो
दांडिया बाजारचा, कारेलीबागेचा,
विश्वामित्रीच्या पुराचा बारीक गाळ.
ती बादली मी कढीपत्त्याला ओतते.
कढीपत्ता इथेच राहणार आहे.

पॅकिंगवाले कनुभाई बोलतात थोडं, लिहितात फार.
प्रत्येक खोक्याला नंबर,
प्रत्येक वस्तूला किंमत.
‘बेन, आ शुं छे?’
विळी.
‘एटले?’
मी फरशीवर बसते, पाय दुमडून दाखवते,
हवेतच नारळ खवते.
ते लिहितात: किचन टूल, धारदार, लाकूड आहे.
लाकडाला धुरी द्यावी लागेल, चार्ज वेगळा.
पोळपाटालाही, लाटण्यालाही.
देवघराचं मी अजून विचारलेलं नाही.

श्रीरंग ऑकलंडहून फोन करतो,
इथे दुपार, तिथे रात्र.
म्हणतो, अर्धं वाटून टाक, इकडे सगळं मिळतं.
मार्चपासून तो एकाच कढईत
भात, भाजी, चहासुद्धा करतो.
त्याचं बरोबर असेल.

मग आली भांड्यांची पाळी.
स्टीलवर ठिपक्याठिपक्यांनी कोरलेली नावं:
चि. सौ. कां. हेमलता हिस, १२-५-९८.
ती मी.
श्री. वि. बा. गुप्ते यांजकडून सप्रेम,
हे कोण, सांगणारं आता घरात कुणी नाही,
पातेलं मात्र बुडाला अजून सपाट.
कनुभाई नावं वाचतात, लिहीत नाहीत.
‘स्टील वासण, जूनुं, नंग चोपन.’

पंचावन्नावी एक वाटी.
तिच्यावर गुजराती अक्षरं: भानुमती र. अमीन.
समोरच्या भानुबेनची.
कधीची असेल?
मैथिलीला गोवर आला होता, तेव्हाची कढी?
का अण्णा गेले त्या दिवशी
आमच्याकडे चूल पेटली नव्हती,
तेव्हाची खिचडी?
इतकी वर्षं आम्ही तिच्यात दही विरजलं,
मोहरी ठेवली, पाहुण्यांना श्रीखंड वाढलं.

आणि परत करायची तर रिकामी कशी करायची?
सिलिंडर मंगळवारीच जमा केलं.
डबे पुसून, ऊन दाखवून, टेप लावून झाले.
कनुभाईंच्या पोरांच्या चहासाठी
पुडीत थोडी साखर ठेवली होती,
तीच घातली.

भानुबेननी दारात पाहिलं:
वाटी, साखर, माझ्या केसांतले थर्माकोलचे दाणे.
काही न बोलता आत गेल्या.
म्हटलं, चला. एक हिशेब तरी मिटला.

पंधरा मिनिटांत माझ्यामागे त्याच आल्या,
तीच वाटी, वर बशी,
आत सुखडी, इतकी गरम की पदराने धरलेली.
‘खाली वाटकी न अपाय,’ म्हणाल्या,
जशी काही मी इथली नव्हेच,
मला कुणीतरी हे सांगायला हवं होतं.
आणि जिना उतरल्यावर
उगाचच नळ सोडून बसल्या बराच वेळ.

आम्ही उभ्यानेच खाल्ली,
मी, कनुभाई, त्यांची दोन पोरं,
बोटांना गूळ, ओठांना तूप.
सत्तेचाळीस नंबरच्या खोक्यावर
एक तेलकट अंगठा उमटलाय,
तो कुठल्याच यादीत नाही.

आता वाटी पुन्हा रिकामी.
खोकी सगळी बंद.
कनुभाई पेनचं टोपण काढून थांबलेत:
‘आ लखुं?’
नको म्हटलं, पर्समध्ये ठेवते.

विमानतळावर कुणी विचारलंच
तर खरं तेच सांगेन.
माझी नाही ही.
परत करायची आहे.